सदतीस क्रमांकाची बाई

विभागप्रमुख उमाकांत सर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक ईमेल सगळ्यांना पुढे पाठवायचे. विषय नेहमी तोच : समाजशास्त्राच्या अभ्यासकांसाठी नवीन ऑनलाइन साधने व संशोधन. कुठल्याशा विद्यापीठाचं ग्रंथालय ती यादी काढायचं. विभागातल्या पाचही जणांना ती जायची, आणि उघडून बघणारी त्यांच्यात एकटी रविना पावरा होती.

रविना तेहतीस वर्षांची. नंदुरबारच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि जमेल तशी पीएच.डी. पुढे रेटायची. विषय होता सातपुड्यातून गुजरातेत कामाला जाणारी कुटुंबं. वत्सलाबाईंच्या घरात माडीवरची एक खोली तिनं भाड्यानं घेतली होती. रविवारी कपडे वाळत घालून झाले की ती लॅपटॉप उघडायची आणि यादीतल्या लिंका एकेक करून बघत जायची. जुने नकाशे, जिल्हावार कोष्टकं, कुणाकुणाचे प्रबंध, परदेशातली फुकट व्याख्यानं. काही लिंका उघडायच्याच नाहीत. काहींना सभासद व्हावं लागायचं. त्या ती सोडून द्यायची. दुपार त्यातच सरायची. फोन बहुतेक वाजायचा नाही.

जिन्याखालून वत्सलाबाई हाक मारायच्या, "पोरी, जेवनी का व?"

"जेवनू, मावशी," ती वरूनच सांगायची. कधी जेवलेली असायची, कधी नाही.

एप्रिलच्या यादीत सातव्या क्रमांकावर एक नवा संग्रह होता. 'मागे राहिलेले' असं त्याचं नाव. घरचे कामाला परमुलखात गेल्यावर डोंगरातल्या पाड्यांवर जी माणसं उरतात, त्यांच्या चौसष्ट मुलाखती. मूळ बोली पावरी आणि भिली; मराठी भाषांतर अभ्यासकांसाठी खुलं.

रविना जरा चपापली. चार वर्षं ती जाणाऱ्यांच्या मागे होती. कोण कुठे जातं, मुकादम कोण, मुलांच्या शाळेचं काय होतं, हे सगळं तिनं लिहून काढलं होतं. मागे कोण उरतं हा प्रश्न तिच्या प्रश्नावलीत नव्हता. आणि तिच्या स्वतःच्या घरी तर तिची आई कालीबाई वर्षातले नऊ महिने एकटी असायची. भाऊ दिवाल्या बायकोमुलांना घेऊन सौराष्ट्रात कुणाच्या तरी शेतावर पिकाच्या वाट्यावर राबायचा. होळीला यायचा, पेरणीला यायचा, पुन्हा जायचा.

संग्रह उघडण्याआधी एक अर्ज भरावा लागत होता. नाव, संस्था, हेतू. खाली एक अट होती : मुलाखत देणाऱ्यांची ओळख पटवण्याचा प्रयत्न मी करणार नाही; ओळख पटल्यास संग्रहाला कळवीन. रविनानं चौकटीत खूण केली. असल्या खुणा तिनं आजवर पुष्कळ केल्या होत्या.

माणसांची नावं काढून टाकलेली होती. गावांच्या जागी नुसती अक्षरं होती. रोज संध्याकाळी चार-पाच मुलाखती असं करत ती वाचत गेली. गुरुवारी ती सदतीस क्रमांकाशी आली. 'स्त्री, वय अंदाजे पंचावन्न, विधवा. एक मुलगा, एक मुलगी. गाव क.'

सुरुवातीला काहीच वाटलं नाही. नवरा ताडावरून पडून गेला, असं त्या बाईनं सांगितलं होतं. तसे बरेच गेलेत. मुलगी शहरात शिकवते, असंही होतं. अशाही आता काही आहेत. मग पुढचं पान आलं.

'प्रश्न : मुलगी घरी येते का?

उत्तर : येते. होळीला येते. पाहुणी येते तशी येते. पाणीसुद्धा मी दिलं तर पिते, मटक्याला हात लावत नाही.

प्रश्न : बोलता का तुम्ही एकमेकींशी?

उत्तर : ती बोलते. बोलता बोलता मराठीत जाते. मी हो हो म्हणते. (हसते)

प्रश्न : तुमचा दिवस कसा जातो?

उत्तर : दिवस कामात जातो. संध्याकाळी भाकरी करायला बसले की हात थांबत नाही. दोन जास्त होतात. मग कोंबड्यांना टाकते.'

रविनाची मान हळूहळू पडद्याकडे झुकत गेली. हे कुणीही म्हटलं असेल, असं ती स्वतःला सांगत होती. खाली सरकवलं.

'उत्तर : लहान असताना ती एकदा शाळेतून पळून आली. आश्रमशाळेतून. सात वर्षांची होती. नदीच्या कडेकडेनं दिवसभर चालत आली. पाय फुटले होते. दुसऱ्या दिवशी मी तिला परत नेलं. ती फाटक धरून रडत होती. मी वळणापर्यंत गेले आणि खडकाच्या आड बसले. दुपार झाली. तिचं रडणं थांबलं तेव्हा उठले. मला त्याचा फार पश्चात्ताप होतो.'

आता शंका उरली नव्हती. ते फाटक निळं होतं आणि त्याला खालून गंज चढलेला होता, हेही रविना सांगू शकली असती. सात वर्षांच्या मुलीनं दिवसभर चालून घर गाठलं, आईनं तिला भाकरी दिली, पायांना तेल लावलं, आणि सकाळी उठवून आल्या वाटेनं परत नेलं. वाटेत एक शब्द बोलली नाही. फाटकाशी हात सोडवून घेतला आणि पाठ फिरवून चालू लागली. ती पाठ रविनानं सव्वीस वर्षं मनात ठेवली होती. पुढे आईशी जे जे तुटत गेलं ते त्या पाठीपासून सुरू झालं, असं तिचं पक्कं मत होतं. खडकाचं तिला ठाऊकच नव्हतं.

खोलीत पंखा फिरत होता. तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग पुन्हा. 'मला त्याचा फार पश्चात्ताप होतो.'

सकाळी पाणी भरायला खाली उतरली तेव्हा वत्सलाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "काय व्हयनं व पोरी? डोया लाल व्हई गयात."

"काही नाही मावशी. वाचत बसले होते."

"इतलं काय वाची ऱ्हायनी तू?" असं म्हणत त्यांनी तिच्या हातातली कळशी घेतली आणि आधी तिची भरून दिली.

त्यानंतरचे दहा दिवस रविनाला हलकं वाटत होतं. परीक्षेच्या वर्गात पहारा करताना, भाजीबाजारात, रिक्षात, ती ओळ मध्येच आठवायची. कुणीतरी तिची माफी मागितली होती. तिच्यासमोर नाही, तिच्या नावानंही नाही. पण मागितली होती, आणि ती लिहून ठेवलेली होती.

परीक्षा संपल्या त्या दिवशी तिनं पिशवी भरली. नंदुरबारहून तळोदा, तिथून चांदसैलीचा घाट चढून धडगाव, धडगावहून जीप. जीप जिथे थांबते तिथून पाऊण तास पायी. होळी होऊन महिना झाला होता. दिवाल्या मुलाबाळांसकट परत गेला होता. पाड्यावर म्हातारी माणसं होती, कुत्री होती आणि आंब्यांचा वास होता.

कालीबाई अंगणात कैऱ्या चिरत बसली होती. आमचूरचे दिवस होते. सोललेल्या कैऱ्यांच्या फोडी साडीवर पसरून वाळत घातल्या होत्या आणि तिची बोटं आंबटानं पांढुरकी पडली होती. लेकीला बघून ती उठली नाही, पण सुरी खाली ठेवली.

"होळी तर झाली," ती पावरीत म्हणाली.

"सुट्टी लागली."

"किती दिवस?"

"राहीन चार-पाच दिवस."

कालीबाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. रविनानं तो घेतला आणि तिच्या लक्षात आलं, आपण ओट्यावर टेकून वाट बघत होतो.

पहिले दोन दिवस तिनं काही काढलं नाही. सकाळी उठून ती आईबरोबर कैऱ्या वेचायला जायची, दुपारी सुरी घेऊन समोर बसायची. तिचा हात हळू चालायचा आणि फोडी जाड पडायच्या. आई काही न बोलता त्या उचलून पुन्हा चिरायची. रविना मुद्दाम पावरीत बोलायची. शब्द अडले की थांबायची, आठवायची, मग वाक्य पुरं करायची. आई तोवर थांबून राहायची. मदत करायची नाही.

तिसऱ्या दिवशी, ऊन अंगणातून सरकलं होतं तेव्हा, रविनानं विचारलं, "आई, मागच्या वर्षी कुणी बाई आली होती का इथे? प्रश्न विचारायला?"

"नूतन," कालीबाई लगेच म्हणाली. तिचा चेहरा खुलला. "तीन दिवस राहिली. एक पोरगा होता बरोबर, तिचं बोलणं आपल्या बोलीत करायला. तो वरच्या घरी झोपायचा, ती इथे माझ्याजवळ. कोंबड्याला घाबरायची." मग जरा थांबून म्हणाली, "ती पुन्हा येणार आहे का?"

"मला माहीत नाही. मी तिला ओळखत नाही."

"मग ती आली होती ते कसं कळलं?"

"तुम्ही दोघी बोललात ते मी वाचलं. कॉम्प्युटरवर ठेवलंय त्यांनी. तुझं नाव नाही त्यात, गावाचं नाही. कुणाला कळणार नाही तू आहेस ते."

"तुला कळलं."

"मला कळलं."

कालीबाईनं दोन कैऱ्या चिरल्या. रविनाला वाटलं आता ती रागावेल. मागच्या वर्षी परक्या बाईला जे सांगितलं ते लेकीनं वाचावं म्हणून सांगितलं नव्हतं, हे उघड होतं.

"कोण कोण वाचतं ते?" तिनं विचारलं.

"अभ्यास करणारे. कुठूनही वाचू शकतात. परदेशातून पण."

"आहे तुझ्याकडे?"

"फोनमध्ये आहे."

"मग वाच. मी काय बोलले ते मला ऐकू दे."

रविनाला ही अपेक्षा नव्हती. तिनं हात पुसले, फोन काढला आणि वाचायला सुरुवात केली. मराठी वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं पावरीत सांगायचं, असं ते चाललं होतं. ती अडखळत होती. कालीबाई सुरी चालवत ऐकत होती, आणि मध्येच थांबवत होती.

"दोन भाकरी नाही. एक. एक जास्त होते."

"इथे दोन लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं लिहिलं असेल. पीठ माझं आहे, मला माहीत नाही का?"

पाहुणीचं वाक्य आलं तेव्हा रविनानं ते गाळायचं ठरवलं. मग वाटलं, गाळलं तर आईला कळेल. तिनं वाचलं. मटक्याचं वाचलं. मराठीत जाते, मी हो हो म्हणते, तेही वाचलं. तिला आशा होती की आई म्हणेल, असं नव्हतं म्हटलं मी.

"हे बरोबर आहे," कालीबाई म्हणाली.

"तिथे लिहिलंय की तू हसलीस."

"हसले असेन. नूतनपण हसली होती."

रविना खाली सरकत राहिली. पळून आल्याची हकिगत आली. नदी, फुटलेले पाय, फाटक, वळण, खडक. तिचा आवाज बारीक झाला होता. कालीबाईची सुरी थांबली. शेवटची ओळ आली आणि रविनाला तो शब्द पावरीत सापडेना. तिनं तो मराठीतच म्हटला.

"ते काय?" कालीबाईनं विचारलं.

"पश्चात्ताप. म्हणजे... आपण केलं ते चुकलं असं वाटणं. केलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटत राहणं."

"हे मी नाही म्हटलं."

"आई, लिहिलंय इथे."

"लिहू दे. मी नाही म्हटलं." कालीबाईचा आवाज चढला नव्हता, पण त्यात वादाला जागा नव्हती. "मी म्हटलं, ते रडणं मला अजून ऐकू येतं. एवढंच म्हटलं. चुकलं कसं? नेलंच असतं परत. सात वेळा पळून आली असतीस तर सात वेळा नेलं असतं."

रविना फोनकडे बघत राहिली. गेले दहा-बारा दिवस ती ज्या ओळीवर जगली होती ती तिच्या आईची नव्हती. कुणीतरी ती बसवली होती. वाक्य नीट संपावं म्हणून असेल, ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून असेल. तिला राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून जवळ होती तिच्यावरच निघाला.

"चुकलं नव्हतं तर खडकाआड का बसलीस दुपारपर्यंत? जायचं होतंस सरळ."

कालीबाईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "गेले असते तर तू रडायची थांबलीस की नाही ते मला कसं कळलं असतं?"

वाळलेल्या फोडी गोळा करून पोत्यात भरायच्या होत्या, त्या भरल्या. पोत्याचं तोंड रविनानं धरलं, आईनं बांधलं.

गाठ मारताना कालीबाई म्हणाली, "त्यांना कळव. परदेशातली माणसं वाचतात म्हणतेस, आणि लिहिलंय मी न बोललेलं. नीट करायला सांग."

"सांगितलं तर त्यांना कळेल की मी तुला ओळखलं. मग ते सगळंच काढून टाकतील कदाचित. नियम आहे त्यांचा."

कालीबाईनं विचार केला. "काढलं तर काढू दे," ती म्हणाली. पण तिला ते आवडलेलं नव्हतं. थोड्या वेळानं चुलीपाशी बसल्या बसल्या ती स्वतःशीच म्हणाली, "तीन दिवस बोलले होते मी."

नंदुरबारला परतल्यावर रविनानं पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं. पहिल्यांदा फार लांब झालं, दुसऱ्यांदा त्यात राग उतरला. शेवटी चार ओळी राहिल्या : सदतीस क्रमांकाची बाई माझी आई आहे. तिनं मजकूर ऐकला आहे. त्यातलं एक वाक्य तिचं नाही आणि भाकरी एक आहे. दुरुस्ती व्हावी अशी तिची इच्छा आहे.

उत्तर आठवड्यानं आलं. सभ्य होतं. कळवल्याबद्दल आभार, ओळख उघड झाल्यामुळे मुलाखत पुनर्विचारापर्यंत मागे घेण्यात येत आहे. रविनानं संग्रह उघडून पाहिला. छत्तीसनंतर अडतीस आलं होतं. तिनं आधी उतरवून घेतलेली प्रत फोनमध्ये होती. संग्रहाच्या नियमानुसार आता तीही पुसायची होती. ती तिनं पुसली. मग खिडकीशी उभी राहिली. खाली वत्सलाबाईंच्या घरात सुना-नातवंडं जेवायला बसली होती आणि ताटांचा आवाज वर येत होता. हे कुणाला सांगावं असं एकही नाव तिला आठवलं नाही.

दोन दिवसांनी अनोळखी क्रमांकावरून फोन आला.

"मी नूतन बोलतेय. त्या मुलाखती मी घेतल्या होत्या." आवाज तरुण होता आणि घाबरलेला. "तुमचं पत्र मला संग्रहाकडून आलं. मला आधी माफी मागायची आहे. तो शब्द माझा आहे. दुभाष्यानं सांगितलं होतं, रडणं ऐकू येतं म्हणते. मी नंतर मजकूर साफ करताना तसं लिहिलं. मला वाटलं अर्थ तोच आहे."

"तोच नाही," रविना म्हणाली.

"हो. आता कळतंय." ती थांबली. "मूळ ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. तुम्हाला पावरी येते. तुम्ही त्याचं भाषांतर पुन्हा कराल का? कालीबाईंची पुन्हा संमती घेऊन, त्यांना ऐकवून, मग ते परत ठेवता येईल."

रविना लगेच हो म्हणाली नाही. तिला आधी दुसरंच विचारायचं होतं. "तिनं तुम्हाला इतकं कसं सांगितलं? मला कधी सांगितलं नाही तिनं."

पलीकडे नूतन जरा घुटमळली. "त्यांनी तुम्हाला नाही सांगितलं? पहिल्या दिवशी मीच रडले होते. त्याच्या दोन महिने आधी माझी आई गेली होती. मी प्रश्नावली घेऊन बसले आणि पहिलाच प्रश्न विचारताना... माझं सगळं मी त्यांना सांगितलं, आणि त्या पोराला ते त्यांना सांगावं लागलं. तो दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी त्या बोलायला लागल्या." मग हलक्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं त्यांनी गावभर सांगितलं असेल."

"कुणालाच नाही सांगितलं," रविना म्हणाली. "तुम्ही कोंबड्याला घाबरत होता एवढंच सांगितलं."

नूतन हसली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रविना पुन्हा घरी गेली. या वेळी दिवाल्या आलेला होता, पेरणीसाठी. घरात मुलांचा गलका होता, वहिनी चुलीशी होती, दिवाल्या नांगर दुरुस्त करत बसला होता. कालीबाई सगळ्यांच्या मध्ये होती आणि तरी गप्पच होती. दोन दिवस दोघींना एकत्र बसायला मिळालं नाही. एकदा कोठीत धान्य काढताना आईनं विचारलं, "झालं नीट?"

"काढून टाकलंय सध्या. पण नूतन म्हणते, तुझा आवाज तिच्याकडे आहे. मी ऐकून नव्यानं लिहायचं, तुला वाचून दाखवायचं, तू हो म्हटलंस की पुन्हा ठेवायचं."

"तू लिहिणार?"

"मी."

"मग वेळ लागेल," कालीबाई म्हणाली. "तुझे शब्द गेलेत बरेच."

तिसऱ्या दिवशी सकाळी रविना निघाली. आई तिला जीपपर्यंत सोडायला आली. पाऊलवाटेवर नव्या पेरणीसाठी नांगरलेली उतारावरची शेतं होती आणि ढग भरून आले होते, पण पाऊस पडत नव्हता. अर्धी वाट दोघी पुढे-मागे चालल्या. मग रविना आईच्या बरोबरीला आली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. आधी ठरवलं नव्हतं.

"आई, मी एकाशी लग्न करणार होते."

कालीबाई चालत राहिली.

"अजित नाव त्याचं. शहाद्याच्या कॉलेजात होता. तीन वर्षं आम्ही बोलत होतो. मग त्याला लांब कायमची नोकरी लागली, आणि त्याच्या घरच्यांनी दुसरीकडे ठरवलं. तो नाही म्हणाला नाही त्यांना. मला फोनवर सांगितलं."

"कधी?"

"दोन वर्षं झाली. दिवाळीच्या आधी."

"त्या दिवाळीला तू आली नाहीस," कालीबाई म्हणाली. "काम आहे म्हणालीस."

"काम नव्हतं. खोलीतच होते. दार लावून."

कालीबाई थांबली. तिनं लेकीच्या हातातली पिशवी घेतली आणि डोक्यावर ठेवली, जशी ती जळणाची मोळी ठेवायची तशी. पुन्हा चालू लागली. रविनाला वाटलं, सांगितलं ते चुकलं. आईला लग्न समजतं, मोडणं समजतं. दार लावून दिवाळी काढणं तिला कसं समजेल.

जीप उभी होती, जवळजवळ भरलेली. मागच्या फळीवर एकीला जेमतेम जागा होती. कालीबाईनं पिशवी आत टाकली आणि रविना चढून बसली, तर मागोमाग तीही चढली. धुडकू ड्रायव्हरनं वळून पाहिलं.

"तू कुठे, काकी?"

"धडगावला."

"बाजार आज नाहीये."

"माहीत आहे मला."

तिच्या हातात काही नव्हतं. पायात चपलाही घरातल्याच, झिजलेल्या. रविना सरकली, शेजारच्या बाईनं पोराला मांडीवर घेतलं आणि कालीबाई दोघींच्या मध्ये घट्ट बसली. जीप हलली. रस्ता खडबडीत होता आणि इंजिनाचा आवाज एवढा की जवळच्याला ऐकू जायला कानाशी तोंड न्यावं लागत होतं.

पहिलं वळण गेल्यावर कालीबाई लेकीकडे वाकली.

"तो पहिल्यांदा कुठे भेटला, ते सांग. तिथून सांग."

रविनानं इकडे-तिकडे पाहिलं. जीपमध्ये सगळी ओळखीची माणसं होती. मग तिनं आईच्या कानाशी तोंड नेलं आणि पावरीत, शब्द शोधत, सांगू लागली. धडगाव यायला अजून तासभर होता.